नाटक बघून आल्यावर ‘कसं होतं?’ला काय उत्तर द्यायचं

माझी आत्या डोंबिवलीला राहते. मी नाटक बघून ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पायऱ्या उतरत असते तेवढ्यात तिचा फोन येतोच, ‘काय गं, कसं होतं?’ आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले, ‘छान होतं गं, जमलं तर बघ.’ एकदा ती वैतागली. म्हणाली, गेल्या वेळीपण छानच म्हणाली होतीस, आम्ही चौघं गेलो, ४०० प्रमाणे १६०० तिकिटांचे आणि रिक्षा वेगळी, आणि तुझे काका दुसऱ्या अंकात चक्क घोरत होते, तर आता छान म्हणजे काय ते नीट सांग नाहीतर सांगूच नकोस.

बरोबर होतं तिचं. तेव्हापासून मी जरा नीट सांगायला आणि लिहायला लागले, आणि हळूहळू एक पद्धत बसली ती इथे टाकतेय. मी समीक्षक वगैरे नाही, नोकरी करते, महिन्याला दोन-तीन नाटकं बघते, डिसेंबर-जानेवारीत स्पर्धेच्या एकांकिका पण. त्यामुळे हे शास्त्र नाही, सवयी आहेत.

सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं करा की आपण नाटक बघितलं म्हणतो पण खरं तर आपण एक प्रयोग बघितलेला असतो. सिनेमा शुक्रवारी बघा की मंगळवारी, पडद्यावर तेच येणार. नाटक शनिवारी दुपारी वेगळं आणि रविवारी रात्री वेगळं, पार्ल्याला वेगळं आणि कोल्हापूरला वेगळं. म्हणून लिहायला बसलात की वरती आधी टाका कुठलं नाट्यगृह, कुठल्या तारखेचा प्रयोग, जाहिरातीत दिला असेल तर कितवा, आणि तुम्ही कुठल्या रांगेत बसला होतात. रांग कशाला असं वाटेल, पण बाल्कनीतून बघणारा म्हणतो नटी एकदम थंड वाटली आणि तिसऱ्या रांगेतला म्हणतो डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि दोघंही खरं बोलत असतात. कितवा प्रयोग तेही महत्त्वाचं. पहिल्या चार-पाच प्रयोगांत नाटक कच्चंच असतं, वाक्यं एकमेकांवर चढतात, ब्लॅकआऊटमध्ये खुर्चीला कोणीतरी धडकतं, मग पंचवीस-तीस प्रयोगांनी ते अंगात मुरतं, आणि फार झाले की कधीकधी सैल पडतं, नट आपापल्या हशाची वाट बघत थांबायला लागतात. शुभारंभाला गेलात आणि ‘विस्कळीत वाटलं’ लिहिलंत तर तो शुभारंभ होता हे पण लिहा, एवढंच.

आणि रिप्लेसमेंट! नट बदललेला असतो आणि जाहिरातीत फोटो जुनाच असतो. कोणाचं काम बघितलंत ते नावानिशी लिहा. ‘नटसम्राट’ १९७० साली आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केला, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केला, आणि माझ्या बाबांच्या पिढीत यावर अजून भांडणं होतात. संहिता तीच, शिरवाडकरांची, शब्दन् शब्द तोच, तरी बाबा एका बाजूला आणि त्यांचे मित्र दुसऱ्या. त्यामुळे कोणी नुसतं ‘नटसम्राट बघितलंय’ म्हणालं की बाबांचा पहिला प्रश्न, कोणाचं?

जाण्याआधी फार वाचून-बघून जाऊ नका, प्रोमो तर नकोच, सगळे पंचेस त्यातच टाकलेले असतात. फक्त नाटक रूपांतर आहे का एवढं बघून ठेवा, कारण मग श्रेय कोणाला द्यायचं ते बदलतं. ‘ती फुलराणी’ मूळ बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’, पण त्यातला सगळा खेळ बोलीचा, आणि तो मराठी बोलीत बसवायचं काम पु.लं.चं, तर तिथे नुसतं ‘कथानक मस्त’ म्हणून काय उपयोग. पूर्वी माधव मनोहर हे समीक्षक नाटकाचं मूळ परदेशी नाटक कुठलं ते हुडकून काढायचे. आपल्याला तेवढं जमणार नाही पण जाहिरातीत बारीक अक्षरात ‘आधारित’ लिहिलेलं असतं ते तरी वाचावं.

आता आत गेल्यावर. तिसरी घंटा झाली की फोन बंद, सायलेंट नाही, बंद. मी आधी शहाणपणा करायचे, ब्राइटनेस कमी करून अंधारात नोट्स टाइप करायचे. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी खांद्यावर टकटक केलं, ‘ताई, तो दिवा मालवा.’ इतकी लाज वाटली की त्यानंतर आत काही लिहिलं नाही. आणि लिहायची गरजच नसते. जे लक्षात राहायचं ते राहतं, जे विसरलात ते बहुतेक लिहिण्यासारखं नव्हतं. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं असताना दोन-चार शब्द टाकून ठेवायचे, वाक्यं नाहीत, शब्द. ‘छत्री’, ‘बाप हसला नाही’, ‘लाल लाईट का?’ असं. बास.

मध्यंतरात अजून एक करा, गप्प राहून आजूबाजूचं ऐका. वड्याच्या रांगेत जे कानावर येतं ते कुठल्याही परीक्षणात मिळत नाही. माणसं गोष्टीबद्दल बोलतायत का पार्किंगबद्दल, हे बघा. पहिल्या अंकानंतर लोक ‘आता ती सांगेल का गं त्याला?’ असं कुजबुजत असतील तर लेखकाने काम केलंय. आणि आत असताना खोकल्याकडे कान ठेवा. हे मला एका हौशी नाटकं बसवणाऱ्या काकांनी सांगितलं, की प्रेक्षक जेव्हा गुंतलेला असतो तेव्हा त्याला खोकला येत नाही, आणि जिथे चार दिशांनी खोकले सुरू झाले तिथे प्रवेश लांबलाय. मी तेव्हापासून बघतेय, बहुतेक वेळा खरं निघतं, पावसाळा सोडून.

आता मुख्य भाग. घरी आल्यावर त्याच रात्री, जेवायच्या आधी, एक प्रसंग लिहून काढा. एकच. मत नाही, विशेषण नाही, स्टेजवर काय झालं ते. माझं उदाहरण देते. एक घरगुती नाटक बघितलं होतं, नाव सांगत नाही. मुलगा आईला सांगायला आलाय की घर विकलं. आई खाली बसून गवार मोडतेय. तो गोल गोल बोलतोय, बिल्डर, ईएमआय, तुला पण लिफ्ट बरी पडेल, आणि ती मोडतेय, कट्, कट्, कट्. कॉलर माईक असल्यामुळे तो आवाज सातव्या रांगेपर्यंत येत होता. तो शेवटी म्हणतो, ‘सही केली आई मी.’ आणि आवाज थांबतो. बाकी काही नाही. ती वर बघत नाही, रडत नाही, संगीत नाही, नुसता तो कट् कट् थांबतो, आणि अख्खं थिएटर तसंच बसलेलं. मग ती शेंगेचा दोरा काढते, हळू, आणि विचारते, ‘जेवून जाणारेस ना?’

त्या रात्री मी ग्रुपवर काय लिहिलं माहितीये? ‘आईच्या भूमिकेत अप्रतिम काम! नक्की बघा!!’ दोन उद्गारचिन्हं. आत्याला यातून काय कळणार, कप्पाळ? तिला गवार सांगितली असती तर ती दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मोकळी झाली असती.

मग तेच नाटक मी दोन महिन्यांनी परत बघितलं, दुसऱ्या नाट्यगृहात. ‘सही केली’ झालं, आवाज थांबला, आणि नेमका बाल्कनीत कोणाचातरी फोन, ती टिंगटिंग रिंगटोन, आणि तो माणूस पिशवीत शोधतोय. आमच्या पोटात गोळा. त्या बाईंनी काय केलं, परत गवार मोडायला सुरुवात केली. कट्, कट्. फोन बंद होईपर्यंत मोडत राहिल्या आणि मग परत थांबवलं. आणि दुसऱ्यांदा ती शांतता पहिल्यापेक्षा जड होती. मुलाचं काम करणारा पण शहाणा, तो तसाच उभा राहिला, पुढचं वाक्य घाईने टाकलं नाही. याला सांभाळून घेणं म्हणतात आणि हे फक्त नाटकात होतं, म्हणून हे लिहायचं असतं. (फोनवाल्याबद्दल पण लिहिलं होतं, ते एडिट केलं.)

प्रसंग लिहून झाला की स्वतःला विचारा, हे कोणी केलं? आपण सगळं नटाच्या खात्यावर टाकतो कारण तो दिसतो. गवार संहितेतच होती का, का दिग्दर्शकाने तालमीत हातात दिली, का त्या बाईंनाच सुचलं, आपल्याला बाहेरून नक्की नाही कळत. पण प्रश्न विचारला की वाक्य आपोआप सावध होतं. साधारण असं धरा, शब्द लेखकाचे, कोण कुठे बसलंय-उभंय आणि कुठे किती वेळ थांबायचं हे बहुतेक दिग्दर्शकाचं, आणि ते खरं वाटणं नटाचं. संवाद टाळ्याखाऊ असतील पण माणसं दोन-दोन तास नुसती सोफ्यावरून उठतायत आणि बसतायत, तर दिग्दर्शनाबद्दल बोला. उलट, गोष्ट सपक आहे पण एका नटाने खेचून नेलीय, तर तेही तसंच सांगा.

नेपथ्याबद्दल तर मला फारच राग आहे. म्हणजे नेपथ्याचा नाही, आपण त्याच्याबद्दल जे लिहितो त्याचा. शेवटच्या ओळीत, ‘नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत पूरक.’ पूरक! पोळीबरोबर चटणी असल्यासारखं. पूरक हा शब्द मी माझ्यापुरता बंद केलाय, तुम्हीही करून बघा, लगेच अडतं आणि मग खरंच आठवायला लागतं की काय होतं स्टेजवर. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ चं, त्यात दिवाणखाना नाही, भिंती नाहीत, एका रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण हीच भिंत आणि हाच पडदा, ते पाठ फिरवतात, डोलतात, बाजूला होतात आणि मागचं दिसतं, परत मिटतात. तिथे ‘नेपथ्य साधंच’ असं कोणी लिहिलं तर त्याने नाटकच बघितलं नाही म्हणायचं. नाहीतर ‘तो मी नव्हेच’ घ्या, १९६२ चं, कोर्टातला खटला आणि साक्षीदार सांगतील ते प्रसंग, त्यासाठी फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर लखोबा लोखंडे या ठगाच्या पाच रूपांत. कोर्टातून दुसऱ्या गावात जायला पडदा पाडून हातोडी ठोकत बसले असते तर त्या लखोबाची लबाडी तेवढी चपळ वाटली असती का? म्हणजे तो रंगमंच फिरत होता ते गोष्टीसाठी, गंमत म्हणून नाही. तर आपल्या नाटकातही हेच बघा, वस्तू वापरात आहे का. मागे जिना आहे, तर कोणी चढलं का? चहाचे कप आणले ते रिकामे आहेत हे कपाच्या खुळखुळण्यावरून कळतं, आणि प्रवासाला निघालेल्या माणसाची बॅग एका बोटावर उचलली जाते. या गोष्टी बारीक वाटतात पण एकदा दिसल्या की पुढचा अंकभर त्या बॅगेकडेच लक्ष जातं.

प्रकाशयोजनेचं कळत नसेल तर सरळ सोपं लिहा. तोंडं दिसत होती का? लाईट कधी बदलला ते जाणवलं का, आणि जाणवल्यावर बरं वाटलं का दचकायला झालं? मला यातली टेक्निकल नावं येत नाहीत, तरी ‘शेवटी सगळा उजेड जाऊन फक्त देवघरातला दिवा राहिला’ हे मी लिहू शकते आणि वाचणाऱ्याला ते दिसतं.

सिनेमाची पट्टी नाटकाला लावायची नाही हे पण राहिलं. ‘अगदी सिनेमा बघतोय असं वाटलं’ ही नाटकाची स्तुती नाही हो. आणि सिनेमातल्या नटाला ‘नाटकी’ म्हणून शिवी देतात तीच माणसं नाटकात ‘शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला नाही’ म्हणून तक्रार करतात. मालिकांचं तर गणितच वेगळं, तिथे पहिल्या आठवड्यावरून मत देऊ नये, लेखकालाच माहीत नसतं मार्चमध्ये काय होणारे.

विनोदी नाटकाबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड. जोक सांगितला तर पुढच्याचं तिकीट वाया, नाही सांगितला तर ‘हसून हसून पोट दुखलं’ एवढंच उरतं. मी काय करते, जोक न सांगता हशा कुठल्या जातीचा आहे ते सांगते. शब्दांची कोटी आहे, का परिस्थितीचा घोळ आहे, का नट चालू प्रयोगात ॲडिशन घेतोय, का कमरेखालचं आहे. ॲडिशन म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य तिथल्या तिथे टाकणं. ‘वस्त्रहरण’सारख्या मालवणी नाटकात ते रक्तातच आहे, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून लोक तेच ऐकायला जायचे. पण त्याच नादाने कुठल्याही कौटुंबिक नाटकात गंभीर प्रवेशाच्या मधे कोणी आजच्या बातम्यांवर कोटी मारली की हशा मिळतो आणि प्रवेश मरतो. हशा आला म्हणजे बरोबर होतं असं नाही, हे लिहायला घाबरू नका.

रहस्य असेल तर मध्यंतरापर्यंतचीच गोष्ट सांगायची, हा माझा नियम. आणि ‘शेवट अनपेक्षित आहे’ हे सुद्धा नाही सांगायचं, कारण मग माणूस पहिल्या मिनिटापासून शेवटच शोधत बसतो.

नाही आवडलं तर? लिहा की. फक्त तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, नाट्यगृहाचा दोष नाटकावर नको. मी एका मे महिन्यात एसी बंद असलेल्या हॉलमध्ये बसून एका नाटकाला इतकं वाईट म्हटलंय की नंतर परत बघितल्यावर माफी मागावीशी वाटली, घाम माझा होता आणि शिव्या लेखकाला. दोन, विषय पटला नाही आणि नाटक जमलं नाही या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच वाक्यात कोंबू नका. ‘आई अशी वागूच शकत नाही’ म्हणताना आधी बघा की त्या नाटकातली ती आई तशी वागेल हे नाटकाने दाखवलं होतं का. तीन, नटाचं वजन, रंग, वय यावर काही नाही. ‘कॉलेजकुमार वाटत नाही’ एवढं म्हणू शकता, त्यापुढे थांबा. आणि दोष पण प्रसंगासकटच सांगा. ‘दुसरा अंक रेंगाळला’च्या जागी ‘दुसऱ्या अंकात पत्र सापडतं ते आपल्याला आधीच माहिती असतं, तरी ते तीन माणसं तीनदा वाचतात’. याच्यावर दिग्दर्शक चिडेल पण त्याला ते कळेल तरी.

आता नाजूक भाग, ओळखीचं कोणी काम करत असेल तर. प्रयोग संपल्यावर आत भेटायला जावंच लागतं. तिथे माणूस मेकअप पुसत असतो, एका डोळ्याचं काजळ निघालेलं, एकाचं नाही, आणि आशेने तुमच्याकडे बघत असतो. तिथे समीक्षा करायची नाही. खोटंही बोलायचं नाही. ‘बघितलं हं तुला!’ हे तर अजिबात नको, ते नटांना बरोबर कळतं, त्यांच्यात यावरचे जोक असतात. एक खरी आवडलेली जागा शोधून ठेवा, पडदा पडतानाच, कितीही लहान. ‘तू दार लावून घेतलंस ना तेव्हा कळलं मला की हा परत येणार नाही.’ तो खूश, तुम्ही खरे. बाकीचं त्याने दोन दिवसांनी स्वतःहून फोन करून विचारलं तर, आणि तेव्हाही आधी विचारा, खरं सांगू का? काही लोक नाही म्हणतात, मान ठेवावा.

आणि शेवटी आत्या. हा भाग मोठ्या परीक्षणांत कधीच नसतो आणि लोकांना नेमका तोच हवा असतो. दोन अंक आहेत, मध्यंतर धरून किती वाजता सुटेल, शेवटची लोकल मिळेल का. आजीला ऐकू कमी येतं तर पुढची तिकिटं काढू का, का इथे सगळे जोरात बोलतात. नातवाला आणलं तर मधेच ‘म्हणजे काय’ विचारेल असं काही आहे का. बाल्कनीला लिफ्ट आहे का नुसते जिने. दोन ओळी लागतात फक्त, पण टाका.

परवाच्या नाटकाबद्दल मी तिला असं लिहिलं: ‘रविवार दुपारचा प्रयोग, गडकरी, मी जी रांगेत. पहिला अंक संथ आहे, सुनेने डबा परत पाठवला तिथपर्यंत धीर धर. बापाचं काम करणारा माणूस एका प्रवेशात चष्मा पुसत राहतो तेवढ्यासाठी मी परत जाईन. गाणी रेकॉर्डेड आहेत आणि मोठ्याने लावतात. साडेसातला सुटतं. काकांना नको नेऊस, तूच चल, मी येते परत.’

तिचा रिप्लाय आला, ‘कुठला डबा? कोणी भरला होता?’

नाही सांगितलं. शनिवारची दोन काढलीयेत, एफ रांग.